तीन वस्त्या, एक तक्ता: सांगली-मिरज-कुपवाडमधल्या गरज पाहणीच्या नोंदी

शहरातल्या गरीब वस्तीला नेमकं काय हवंय हे ठरवायचं, आणि ते अशा रूपात मांडायचं की महापालिकेच्या एखाद्या विभागाला त्यावर खर्च टाकता येईल, एवढंच हे काम. दुसऱ्या गावात कुणी हेच करणार असेल तर त्याचा वेळ वाचावा म्हणून नोंदी ठेवल्या आहेत. वस्त्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. घरनिहाय नकाशा आणि जागेची मालकी एकत्र छापली की तोच कागद पाडापाडीलाही उपयोगी पडतो. 'अ' ही सांगलीत कृष्णाकाठची, 'ब' कुपवाड एमआयडीसीच्या अंगाला भाड्याच्या चाळींची, 'क' मिरजेत रेल्वेच्या जागेला लागून.

१८ ऑक्टोबर: वस्त्या कुठल्या घ्यायच्या

सुरुवात घोषित झोपडपट्ट्यांच्या यादीवरून केली आणि तिथेच गाडी अडली. घोषित म्हणजे १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या कलम ४ खाली जाहीर झालेली. जनगणनेची व्याख्या वेगळी: साधारण ६० ते ७० घरं किंवा ३०० लोकसंख्या सलग असली पाहिजे. नाल्याच्या काठावर पंचवीस-तीस पत्र्याची घरं असली तर ती दोन्हींतून निसटतात, आणि हाल नेमके तिथेच जास्त असतात. शेवटी सलग २० घरं हा आकडा धरला. राष्ट्रीय नमुना पाहणीतही झोपडपट्टीसाठी २० चाच आकडा वापरतात, त्यामुळे पुढे कुणी विचारलं तर उत्तर तयार राहतं.

यादी पक्की करायला तीन गोष्टी एकमेकींवर ठेवून पाहिल्या: महापालिकेची यादी, उपग्रह चित्रातले दाट पत्रे आणि आशा सेविकांच्या वह्या. तिसरा स्रोत सगळ्यात कामाचा. शहरात एका आशाकडे साधारण हजार ते अडीच हजार लोकसंख्या असते. कुठल्या बोळात नवी कुटुंबं उतरली आणि कुठली उठून गेली हे तिला कार्यालयाच्या आधी कळतं. 'क' मधली मागची ओळ तिच्या वहीतूनच सापडली. यादीत ती नव्हती आणि चित्रात झाडाखाली झाकलेली होती.

२६ ऑक्टोबर: नकाशा

उपग्रह चित्रावर छपरं मोजून घरांचा पहिला आकडा काढला. तो चालला नाही. 'ब' मध्ये एका लांब पत्र्याखाली सहा-सहा खोल्यांची चाळ असते, चित्रात मात्र एकच छप्पर दिसतं. 'अ' मध्ये उलट झालं: म्हशीचा गोठा, भंगाराचं शेड आणि घर असे तीन पत्रे मिळून एकच कुटुंब.

मोबाइलचं जीपीएस मोकळ्यावर तीन ते पाच मीटर चुकतं, पत्र्याखाली आणि अरुंद बोळात त्याहून जास्त. बोळच दीड मीटरचा असेल तर बिंदू समोरच्या घरावर जाऊन पडतो. म्हणून जीपीएस फक्त बोळाच्या तोंडाला आणि शेवटाला घेतलं. मधलं सगळं ३० मीटरच्या टेपने मोजून कागदावर काढलं आणि मग क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चढवलं. टेप धरायला दोन माणसं आणि लिहायला एक, अशा तिघांचा दिवसाला ८० ते १०० घरांचा नकाशा होतो.

कागद ए-३ घ्यावा. फ्लेक्स छापून पाहिला. त्यावर पेन्सिल चालत नाही, म्हणजे दुरुस्ती करता येत नाही.

३ नोव्हेंबर: घरांना नंबर

ऑइलपेंटने दारावर नंबर टाकायला घेतले आणि तासाभरात काम थांबवावं लागलं. दारावर रंगाचा नंबर पडला की लोकांच्या मनात दोनच अर्थ येतात, घर पाडणार किंवा घरकुल देणार. पहिल्याने माणसं चिडतात. दुसऱ्याने रातोरात खोलीत प्लायवूडचा आडोसा उभा राहतो आणि एका घराची दोन होतात. त्यानंतर दारावर काहीच लिहिलं नाही. नंबर नकाशावरच राहिला: वस्ती, बोळ, घर, आणि घरात एकाहून जास्त चुली असतील तर शेवटी अक्षर. उदाहरणार्थ ब-०७-१४-ख.

महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक खूण म्हणून वापरावा असाही विचार झाला. पण चाळीत एका मीटरवर चार-पाच बिऱ्हाडं असतात, आणि 'क' मध्ये निम्म्या घरांची वायर शेजारून आलेली. सोडून दिला.

१० नोव्हेंबर: प्रश्नावली

पहिल्या मसुद्यात ११२ प्रश्न होते. एका घराला पाऊण तासाच्या वर वेळ गेला. धुणंभांडं करून आलेली बाई एवढा वेळ देत नाही. पंचविसाव्या मिनिटानंतर सगळ्याला 'हो' म्हणत सुटते. छाटायला एकच कसोटी लावली: या उत्तरामुळे शेवटच्या तक्त्यात कुठला रकाना बदलतो? बदलत नसेल तर प्रश्न बाद. टीव्ही, फ्रिज, मोबाइल किती, हे सगळं गेलं. ३८ प्रश्न उरले.

आधार क्रमांक घेतला नाही, त्याचा फोटोही नाही. आहे की नाही एवढंच विचारलं. नसेल तर का नाही, हे मात्र सविस्तर.

फॉर्म कोबोवर, म्हणजे मोबाइलवर पाहणीचे फॉर्म भरायच्या ॲपवर, बांधला. दोन गोष्टी आधीच करून ठेवाव्यात. एक, आकड्यांना मर्यादा घालाव्यात (घरात माणसं १ ते २५), नाहीतर वय आणि माणसं यांची अदलाबदल होते. दुसरं, 'माहीत नाही' आणि 'सांगायचं नाही' हे दोन वेगळे पर्याय ठेवावेत. कर्जाच्या प्रश्नाला दोन्ही उत्तरं येतात आणि त्यांचा अर्थ एक नसतो.

१६ नोव्हेंबर: कुटुंब म्हणजे काय

रेशनकार्डावरून कुटुंब मोजलं की गरिबी कमी दिसते. आई-वडील आणि दोन लग्न झालेले मुलगे यांचं कार्ड एक, स्वयंपाक तीन ठिकाणी. तिघांच्या कमाईची बेरीज एका कार्डावर पडते. शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठी (सवलतीच्या रेशनला पात्र) वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. तिघांची कमाई एकत्र धरली की ती सहज ओलांडली जाते, वेगवेगळी धरली तर एखादं बिऱ्हाड आत बसतं. कार्ड विभक्त करणं हीच इथली एक मोठी गरज निघाली, आणि प्रश्नावलीच्या पहिल्या मसुद्यात तिला जागाच नव्हती.

'चूल किती' असं विचारून चालत नाही, गॅस आल्यापासून लोक शेगडी मोजतात. 'रात्रीचा स्वयंपाक कुणाकुणाचा एकत्र होतो' हे विचारावं.

२४ नोव्हेंबर: नमुना

'अ' मध्ये २१० आणि 'क' मध्ये १३० कुटुंबं, तिथे सगळीच घेतली. इतक्या लहान वस्तीत नमुना काढण्यात अर्थ नाही. वेळ थोडाच वाचतो आणि 'आमचं घर का सोडलं' याची उत्तरं देत बसावं लागतं. 'ब' मध्ये ९०० च्या आसपास. पाच टक्के चूक मान्य केली तर सूत्र सोपं आहे: ९०० भागिले (१ अधिक ९०० गुणिले ०.००२५), म्हणजे २७७. गळती धरून ३०० घ्यायची ठरली.

दर तिसरं दार, असं ठरवून निघालं की फसगत होते. चाळ सहा खोल्यांची, म्हणजे प्रत्येक चाळीत तिसरी आणि सहावीच खोली येते. सहावी खोली टोकाची, तिला खिडकी जास्त, बहुतेक ठिकाणी नळाजवळची आणि भाडंही चढं. पाहणीत 'ब' ची परिस्थिती आहे त्याहून बरी दिसायला लागली तेव्हा हे लक्षात आलं. त्यानंतर प्रत्येक चाळीतून चिठ्ठी टाकून दोन खोल्या काढल्या.

कुलूप असलेल्या घराऐवजी शेजारचं उघडं घर घेऊ नये. दिवसा कुलूप म्हणजे नवरा-बायको दोघंही कामावर. ती घरं गळली की बेकार आणि म्हाताऱ्यांचाच आकडा फुगतो. अशा घरी संध्याकाळी सात ते नऊ जायचं, मग कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, तरीही न मिळालं तर 'कुलूप' म्हणून नोंदवायचं आणि घर बदलायचं नाही.

१ डिसेंबर: माणसं आणि पैसे

फॉर्ममागे ४० रुपये हा पहिला दर मोडीत काढला. कारण उघड आहे: फॉर्मवर पैसे असले की फॉर्म बसल्या जागी भरले जातात. दिवसाला ६०० रुपये आणि दिवसात १२ च्या वर फॉर्म नाहीत, असं ठरवलं. ६४० फॉर्म, दिवसाला सरासरी ११, म्हणजे जवळपास ५८ मनुष्यदिवस आणि ३५,००० रुपये. शिवाय छपाई, नकाशे, पॉवरबँका, चहा. मोबाइल पाहणी करणाऱ्यांचेच, त्यांना रिचार्जचे पैसे वेगळे. नव्याने करणाऱ्याने अंदाजात पंधरा टक्के फक्त परत जाण्यासाठी धरावेत.

बचतगटाच्या बायका घेतल्या, पण कुणालाही स्वतःच्या वस्तीत नेमलं नाही. ओळखीच्या घरात कर्जाचं आणि दारूचं उत्तर मिळत नाही. अगदी परक्या माणसालाही मिळत नाही म्हणा. पलीकडच्या वस्तीतली बाई हा मधला मार्ग बरा.

७ डिसेंबर: उत्पन्न

'महिन्याला किती मिळतात?' या प्रश्नाचं एकही उत्तर जसंच्या तसं वापरता आलं नाही. घरकुल किंवा रेशनसाठी पाहणी आहे असं वाटलं की आकडा कमी येतो. बचतगटाचं कर्ज असेल असं वाटलं तर जास्त. त्यापलीकडे, रोजावर जाणाऱ्याला महिन्याचा आकडा खरोखरच माहीत नसतो. तो आठवड्याचा हिशेब ठेवतो.

बदललेली पद्धत अशी: गेल्या सात दिवसांचे फॉर्मवर सात चौकोन, कमावणाऱ्या प्रत्येक माणसाची वेगळी ओळ. त्या दिवशी काम होतं की नव्हतं, होतं तर कुठे, हातात किती आले. बिगारी, सेंट्रिंग, हमाली, बेदाणा निवडणं, हातगाडी, मिरजेत दवाखान्यातली आयाची पाळी, सगळं या सात चौकोनांत बसतं. मग तीन जादा प्रश्न: वर्षातला सगळ्यात चांगला महिना कोणता, सगळ्यात वाईट कोणता, आणि वाईट महिन्यात आठवड्याला किती दिवस काम मिळतं.

हे जादा प्रश्न सांगलीत सोडता येत नाहीत. मार्केट यार्डात नवी हळद जानेवारी-फेब्रुवारीपासून यायला लागते आणि उन्हाळ्यापर्यंत हमालाला उसंत नसते. बेदाण्याचाही हंगाम त्याच सुमाराचा. मार्चमध्ये पाहणी केली तर हमालाचं घर खातंपितं दिसतं. तेच घर ऑगस्टमध्ये उचल घेऊन चालतं. डिसेंबरचा आठवडा मधला आहे, म्हणून अंतिम तक्त्यात डिसेंबरचे आकडे एकटे वापरले नाहीत, वाईट महिन्याचे दिवस शेजारी ठेवले.

माथाडी कायदा १९६९ चा आहे. मंडळात नोंद असलेल्या हमालाला भविष्यनिर्वाह निधी वगैरे मिळतं, नोंद नसलेल्याला नाही. 'हमाली' एवढंच लिहून थांबलं तर दोघं एकाच रांगेत येतात. नोंदीचा रकाना नंतर जोडावा लागला आणि झालेल्या फॉर्मांसाठी परत फिरावं लागलं.

१५ डिसेंबर: पाणी

'पाणी येतं का?' 'येतं की, रोज येतं.' इथे थांबलेल्या पाहण्या पुष्कळ आहेत. म्हणून विचारलं नाही, मोजलं.

साहित्य: १५ लिटरची बादली (एकेक लिटरच्या बाटलीने भरून आतून खूण केलेली, कारण बाजारातली '१५ ची' बादली क्वचितच १५ ची असते), मोबाइलचं घड्याळ, वही. प्रत्येक सार्वजनिक नळावर तीनदा मोजायचं: पाणी आल्यावर दहा मिनिटांनी, मध्यावर आणि जायच्या आधी. एकदाच मोजलं तर आकडा फसवा येतो. सुरुवातीला दाब चांगला असतो, नंतर वरच्या घरांनी लाइनला थेट मोटारी लावल्या की टोकाच्या नळाची करंगळीएवढी धार होते.

'क' मधल्या टोकाच्या नळाचा हिशेब नमुन्यादाखल: बादली भरायला सरासरी ६५ सेकंद, म्हणजे मिनिटाला १३.८ लिटर. पाणी ७० मिनिटं, त्यातली पहिली आठ मिनिटं गढूळ म्हणून सोडून दिली जातात. उरलेल्या ६२ मिनिटांत साधारण ८५५ लिटर. नळावर १९ कुटुंबं, ८८ माणसं. माणशी पावणेदहा लिटर. सार्वजनिक नळासाठी धरलेलं प्रमाण माणशी ४० लिटर आहे, घरात नळ आणि भुयारी गटार असलेल्यांसाठी १३५. हा एक परिच्छेद पाणीपुरवठा विभागात जितका चालला, तितकी लोकांच्या सह्यांची निवेदनं चालत नाहीत.

व्हॉल्व्हमनशी आधी बोलून घ्यावं. कुठला व्हॉल्व्ह किती फेरे उघडतो हे नकाशावर नसतं, त्याच्या हाताला माहीत असतं. 'क' ची अडचण पाण्याच्या तुटवड्याची नव्हती. जुनी दोन इंची लाइन तीन ओळींना पुरत नव्हती एवढंच. 'पाणी कमी' असं लिहिलं असतं तर टँकर आला असता.

क्लोरीनही पाहावं. क्लोरोस्कोप (पाण्यातलं क्लोरीन रंगावरून दाखवणारा छोटा संच) सोपा आहे, नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी दिसलं पाहिजे. मोटारी लावलेल्या लाइनच्या टोकाला कमी दिसलं तर गळती शोधावी. मोटार ओढते तेव्हा फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत येतं.

२१ डिसेंबर: शौचालय

कागदावर १२ सीट, सहा बायकांच्या, सहा पुरुषांच्या. सकाळी साडेपाच ते साडेआठ तिथे थांबून पाहिलं, तेव्हा बायकांकडच्या तीनच धड वापरता येत होत्या. एक तुंबलेली. एकीत झाडू, ब्लीचिंगची पोती आणि फुटकी टाकी ठेवलेली. तिसरीला कडी नव्हती. कडीच्या जागी सुतळी, ती आतून खिळ्याला गुंडाळायची आणि दाराला तळाशी विटेचा तुकडा लावायचा. मोठ्या बायका ते करत होत्या, मुली त्या दाराकडे जात नव्हत्या. कडी आणि दोन बिजागऱ्यांचा खर्च शंभर-दीडशे रुपये.

स्वच्छ भारतच्या निकषात बायकांच्या २५ मागे एक सीट आणि पुरुषांच्या ३५ मागे एक. वापरणाऱ्या १८० बायका धरल्या तर आठ हव्यात. सहा आहेत असं धरलं तर तूट दोनची, चालू तीन धरल्या तर पाचची. दुरुस्तीने तीन परत मिळतात, नव्या बांधायच्या दोनच. म्हणून रकाने चार ठेवावेत: बांधलेल्या, चालू, पाणी असलेल्या, आतून बंद होणाऱ्या. रात्रीचा दिवा वेगळा.

घरातल्या शौचालयाबद्दल 'आहे का' विचारू नये, दार उघडून पाहू द्याल का असं विचारावं. 'आहे' म्हणालेल्या काही घरांत त्यात लाकडं आणि सायकल होती. कारण विचारलं की कळतं: मैल्याची टाकी नाही, किंवा आहे पण उपसायची गाडी बोळात शिरत नाही. बोळाची रुंदी नकाशावर असल्यामुळे हे लगेच ताडून बघता आलं. टेपने मोजल्याचा सगळ्यात मोठा फायदा इथे झाला.

५ जानेवारी: पूर

फक्त 'अ' साठी. सांगलीत पुराचं माप कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पातळीच्या फुटांत बोललं जातं: ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. त्यामुळे प्रश्न मीटरमध्ये किंवा 'पूर येतो का' असा घालायचाच नाही. 'आयर्विनला किती झाले की तुमच्या उंबऱ्याला पाणी लागतं?' असं विचारलं की दारात बसलेली म्हातारीसुद्धा क्षणात आकडा सांगते.

आकडे पडताळायला गवंड्याची लेव्हलची नळी वापरली: पारदर्शक, दहा मीटरची, पाणी भरलेली. देवळाच्या पायरीपासून प्रत्येक उंबऱ्याची उंची काढत गेलं की एका बोळाला तासभर लागतो. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून दर बोळाला परत पायरीवर येऊन तपासावं. जुन्या रहिवाशांचे आकडे उंचीच्या क्रमाशी अर्ध्या फुटाच्या आत जुळले. न जुळलेली उत्तरं बहुतेक २०२१ नंतर आलेल्या भाडेकरूंची निघाली.

एक गोष्ट मात्र अंदाजाबाहेरची. नदीपासून लांबच्या दोन बोळांत पाणी आधी येतं. ते नदीकडून येतच नाही, नाल्यातून उलटं फिरून येतं. नदीपासूनच्या अंतरावर 'धोक्याची घरं' ठरवली असती तर ही तीसेक कुटुंबं शेवटच्या यादीत गेली असती. पुलावरचे फूट आणि वस्तीतली उंची यांची थेट वजाबाकी करू नये. पाण्याला उतार असतो आणि नाल्याचं पाणी वेगळं वागतं. फूट हा घर कधी सोडायचं याचा क्रम लावण्यापुरता वापरावा.

निळ्या पूररेषेच्या आत (नदीकाठचा बांधकामाला मनाई असलेला पट्टा) पक्क्या बांधकामाची शिफारस लिहून उपयोग नाही, ती पहिल्याच टेबलावर बाद होते. तिथे मागता येण्यासारखं काय आहे तेच लिहिलं: नाल्याच्या तोंडाला उलटं पाणी अडवणारी झडप, उंचावरचा विजेचा मीटर, जनावरांसाठी ठरलेली जागा, आणि भाडेकरूंची नावं आधीच नोंदलेली यादी. पंचनाम्याच्या वेळी घरमालक कागद दाखवतो आणि चिखल काढणारा भाडेकरू हात हलवत राहतो.

१२ जानेवारी: चिंचोके

लोकांनी स्वतः क्रम लावावा म्हणून प्रत्येकाला दहा चिंचोके दिले आणि समोर सात चित्रं ठेवली: पाणी, शौचालय, गटार, काम, दवाखाना, कागदपत्रं, घर. पहिल्या बैठकीत ज्याने आधी ठेवले त्याच्यामागे सगळे गेले. समोर ढीग दिसत असला की माणूस ढिगावरच ठेवतो. दुसऱ्या वस्तीत चित्रांवर झाकणाचे डबे ठेवले, झाकणाला भोक पाडलं, एकेकाने आडोशाला जाऊन टाकायचं. निकाल बराच पसरला.

बायका, पुरुष आणि भाडेकरू अशा तीन बैठका वेगळ्या हव्यात. पहिल्या दोन सगळे करतात, तिसरी राहून जाते. 'ब' मध्ये मालकांच्या डब्यात घर आणि गटार वर आलं, भाडेकरूंच्या डब्यात कागदपत्रं. पत्त्याचा पुरावा मालक देत नाही, त्यावाचून रेशन तर नाहीच, फेरीवाल्याला कर्जाचा अर्ज करतानाही अडतं. वस्ती एक आणि गरजा दोन. दोन्हींची सरासरी काढली की कुणाचीच उरत नाही.

२० जानेवारी: फेरतपासणी

दहा टक्के, म्हणजे ६४ घरं, दुसऱ्या माणसाकडून, फक्त आठ प्रश्न. माणसांची संख्या, पाण्याची जागा, शौचालय जुळलं. कर्ज जुळलं नाही. नवरा घरात असताना बायको मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता सांगत नाही. कर्जाचे तीन प्रश्न वेगळे काढून बायकांनाच, एकट्या असताना, पुन्हा विचारले. चार दिवस गेले.

कोबोत फॉर्म सुरू आणि बंद झाल्याची वेळ असते. नऊ मिनिटांखालचे सगळे फॉर्म बाजूला काढून पुन्हा केले.

३ फेब्रुवारी: निर्देशांक, आणि तो का टाकून दिला

प्रत्येक गरजेला वजन देऊन शंभरपैकी गुण काढले. 'अ' आणि 'ब' ला जवळपास सारखे गुण पडले. एका ठिकाणी पूर आहे आणि पाणी पुरेसं, दुसरीकडे पूर नाही आणि शौचालयं बंद. बेरजेत सगळं विरघळलं. वजनं थोडी हलवली की क्रम उलटा होतो, आणि वजनं कुणी ठरवली या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नसतं. अहवालात असा आकडा भारदस्त दिसतो, पण कुठल्याच विभागाचं अंदाजपत्रक गुणांत बनत नाही. काढून टाकला.

११ फेब्रुवारी: तक्ता

त्याऐवजी एक ओळ, एक गरज, एक जागा. रकाने: नकाशावरचा नंबर, किती कुटुंबं, मोजलेला आकडा आणि त्यासमोर निकष, जागा कुणाची, कुठला विभाग, दुरुस्ती की नवीन, ढोबळ खर्च, नंतर देखभाल कोण करणार.

'जागा कुणाची' हा रकाना भरताना सगळ्यात जास्त वेळ गेला, पण तोच निर्णायक. 'क' ची पुढची ओळ महापालिकेच्या जागेवर, मागची रेल्वेच्या. पुढच्या ओळीत नवी लाइन टाकता येते, मागच्या ओळीत महापालिका खोदूच शकत नाही. म्हणून मागच्या ओळीसाठी हद्दीवर सार्वजनिक नळ मागितला. सिटी सर्व्हेचे उतारे आधी काढून ठेवावेत, शेवटी काढायला गेलं की काम तिथेच रखडतं.

अंगणवाडीला शहरात ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक हा निकष आहे. 'ब' मधली लोकसंख्या तक्त्यात मांडली तेव्हा तूट आपोआप दिसली, वेगळं निवेदन लिहावं लागलं नाही. ही ओळ महापालिकेची नाही, बालविकास प्रकल्पाची. चुकीच्या विभागाकडे गेलेली ओळ तिथेच पडून राहते.

देखभालीचा रकाना रिकामा राहिला तर ती ओळ पाठवली नाही. दोनच ओळी अशा राहिल्या, दोन्ही शौचालयांच्या.

२३ फेब्रुवारी: वाचन

तक्ता वस्तीत मोठ्याने वाचला, नकाशा भिंतीला लावून. लाल पेनाने दुरुस्त्या तिथेच केल्या. दोन नळांची जागा चुकलेली, एका बोळात गटार नुकतंच झालेलं, एका घरातली अपंग मुलगी फॉर्ममध्ये आलीच नव्हती. 'घरात कुणी अपंग आहे का' याला 'नाही' आलं होतं. 'कुणाला चालायला, ऐकायला, बघायला त्रास होतो का' असं विचारलं असतं तर आलं असतं. या एका प्रश्नासाठी सगळी घरं परत केली, दारात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होतं.

६ मार्च: दाखल

तक्ता विभागनिहाय फाडून दिला: पाणीपुरवठ्याला त्याच्याच ओळी, बांधकामाला त्याच्या, आरोग्याला त्याच्या. अखंड अहवाल फक्त आयुक्त कार्यालयाला. कड्या, बिजागऱ्या, दिवे अशा किरकोळ दुरुस्त्या लगेच सुरू झाल्या, त्या चालू तरतुदीत बसतात. नव्या लाइनचं काम पुढच्या वर्षावर गेलं, कारण विभागांचे अंदाज डिसेंबर-जानेवारीतच पाठवून झालेले असतात. हे वेळापत्रक सुरुवातीलाच उलटं मांडायला हवं: तक्ता नोव्हेंबरअखेर तयार, म्हणजे नकाशा ऑगस्टच्या आत. 'अ' सारख्या वस्तीत पावसाळ्यात नकाशा होत नाही, तिथला मे महिन्यात उरकावा.

राहिलेलं काम: 'अ' आणि 'क' च्या टोकाला कारखाने सुरू झाले की ऊसतोड मजुरांच्या खोपी पडतात. त्या तक्त्यात नाहीत, कारण त्यांची टोळी पहाटे चारला फडात असते आणि रात्री परतते. त्यांच्यासाठी दहा प्रश्नांचा वेगळा फॉर्म केला आहे, मुकादमामार्फत न जाता थेट खोपीवर, रात्री आठनंतर. 'ब' मधलं पाणी एप्रिल-मेमध्ये पुन्हा त्याच बादलीने मोजायचं आहे. बादली बदलली तर खूण पुन्हा बाटलीने करून घ्यावी.